पान दोनशे चौदा

भाऊसाहेब बुटके होते. तयार पँट आणली की खालून चार बोटं कापून दुमडून घ्यावीच लागे. कोर्टाच्या मागच्या फाटकासमोरच, जिन्याखालच्या गाळ्यात, एक हुशार शिलाईबाई बसत. तरी नऊ वर्षं भाऊसाहेब पँटीची पिशवी घेऊन बसनं दोन थांबे पलीकडच्या बाजारात जात.

"त्या बाईंशी भांडलात का हो?" बायको विचारी.

"नाही. त्यांचा दावा आमच्या कोर्टात आहे."

"मग? न्यायाधीश तुम्ही आहात का?"

"नाही. पण त्यांच्या पुढ्यात बसतो."

भाऊसाहेब बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या उंच टेबलाखालचं टेबल त्यांचं. तारखा लिहायच्या, फाइली वर द्यायच्या आणि शेवटच्या युक्तिवादाआधी प्रत्येक फाइलीला नव्यानं पानांचे आकडे घालायचे. ओल्या स्पंजवर अंगठा टेकवायचा, पान उलटायचं, कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं आकडा. भाऊसाहेबांच्या फाइलीतून पान पळून जाऊ शकत नाही, असं वकील म्हणत, आणि ते ऐकलं की भाऊसाहेब खोटं खोटं खोकत.

शिलाईबाईंचा दावा साधा होता. मालकाला गाळा रिकामा हवा होता, बाईंना तो सोडायचा नव्हता. नऊ वर्षांत मालकाचे तीन वकील झाले, बाईंचे केस पांढरे झाले, वय एकाहत्तर झालं. दोन वर्षांपूर्वी या कोर्टात न्यायाधीश म्हणून नव्या मॅडम आल्या. साक्ष देताना बाईंना फार वेळ उभं राहवेना, तेव्हा मॅडमनी खुर्ची मागवली. तेव्हापासून बाई प्रत्येक तारखेला म्हणत, "या मॅडमच्या हातून एकदाचं काय ते होऊ दे, भाऊसाहेब. मग मी सुटले."

युक्तिवाद उद्या अकराला होता. भाऊसाहेबांनी २१४ आकडा घातला, पान उलटलं, आणि अंगठा तिथंच थांबला. त्यांनी पान परत मागं घेतलं. गाळा सोडा, अशी बाईंना पाठवलेली बावीस वर्षांपूर्वीची नोटीस. झेरॉक्स पुसट. खाली वकिलाची सही, शेवटच्या अक्षराखालून मागं वळणारी रेघ. ही रेघ ते रोज पन्नासदा बघत. सही मॅडमची होती.

मॅडमनी आल्या आल्याच आपल्या वकिलीतल्या जुन्या पक्षकारांची यादी दिली होती, त्यांचे दावे आपल्यापुढं येऊ नयेत म्हणून. भाऊसाहेबांनी ती एकेका फाइलीशी ताडून पाहिली होती. पण नावं ताडली, पानं वाचली नव्हती. नोटीस मालकाच्या आईच्या नावानं होती. ती पक्षकार एका मोठ्या वकिलांची, आणि मॅडम तेव्हा त्यांच्या हाताखाली वकिली करत. ती म्हातारी यादीत कुठून येणार?

जेवताना भाऊसाहेबांनी नावं न घेता बायकोला सांगितलं.

"मॅडम चुकीचा निकाल देतील असं वाटतं?"

"छे. मुळीच नाही."

"दुसऱ्या कुणी ती सही ओळखली?"

"नाही. पण मी बोललो तर बाईंच्या हातून या मॅडम जाणार. परत नवी रांग."

बायकोनं त्यांच्या ताटात भात वाढला. "एका पँटीसाठी नऊ वर्षं बस धरलीत, आणि आता मला विचारताय?"

सकाळी भाऊसाहेबांनी मॅडमच्या खोलीत फाइल उघडी ठेवली. मॅडमनी चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला.

"माझीच आहे. मला आठवतसुद्धा नाही हो."

"यादी ताडताना माझ्याकडून सुटलं, मॅडम."

"यादी मी केली होती, भाऊसाहेब. चला."

अकरा वाजता मॅडमनी सगळ्यांसमोर नोटीस वाचून दाखवली. मालकाचे वकील चटकन उठले. "आमची काही हरकत नाही, मॅडम. आपणच चालवा."

"तुमची नसेल. पण हा गाळा सोडा, असं मी एकदा लिहून बसले आहे. आता सोडायचा की नाही, हे मीच कसं ठरवू? हा दावा मी चालवणार नाही."

शिलाईबाई बाकावरून उठल्या. "म्हणजे पुन्हा नऊ वर्षं?"

मॅडमचा आवाज उतरला. "नाही, आजी. साक्षी झाल्यात, त्या तशाच राहतील. वकिलांचं बोलणं तेवढं दुसरे न्यायाधीश ऐकतील."

तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावरच्या दुसऱ्या कोर्टात जायला फाइलीला एरवी दोन महिने लागत. ही त्याच दुपारी गेली. मुख्य न्यायाधीशांच्या कचेरीत सहीसाठी भाऊसाहेब डबा न खाता उभे राहिले, आणि कुणाची साक्ष कोणत्या पानावर याची यादी त्यांनी फाइलीला वर टाचली.

"फाइल चक्क चालत आली?" वरच्या क्लार्कबाई हसल्या.

"माझ्या पायांनी. तारीख जवळची द्या."

अठरा दिवसांनंतरची मिळाली. शिलाईबाई कोर्टाच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. भाऊसाहेबांनी तारखेची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पान आधीच वाचायला हवं होतं. चूक माझी."

बाईंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग नीट घडी घातली. "राग आलाच होता मला, खोटं कशाला बोलू? पण मीसुद्धा माझं काम शेजारणीला तपासायला देते. मलाच बघायला सांगितलं तर माझा टाका मला सरळच दिसणार." त्या कठड्याला धरून उठल्या. "अठरा दिवस म्हणजे फार नाहीत."

नव्या न्यायाधीशांनी दोन बैठकांत युक्तिवाद ऐकला. महिन्याभरानं निकाल लागला. गाळा शिलाईबाईंकडेच राहिला.

"आता तरी न्या पँटी," बायको म्हणाली.

"अपिलाची मुदत संपू दे."

बायकोनं कपाळावर हात मारला.

मुदत संपली, अपील झालं नाही. दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेब दोन पँटी घेऊन मागच्या फाटकातून बाहेर पडले आणि पहिल्यांदाच रस्ता ओलांडून त्या गाळ्यात शिरले. शिलाईबाईंनी गळ्यातली टेप काढली.

"सरळ उभे राहा. नऊ वर्षं बाकावरून बघतेय मी, कोण तुमच्या पँटी इतक्या वाकड्या दुमडतंय ते!"