मोडेमवरची चिठ्ठी

४ फेब्रुवारी १९९४, शुक्रवार. काम: सांगलीला यादी इतकी रेंगाळत का जाते, ते आजच शोधणे.

साखर कारखान्याच्या सातारा ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळत असे. उद्या कुणाचा ऊस तोडायचा, ती यादी रोज दुपारी टेलिफोनच्या लाइनीवरून सांगली ऑफिसला पाठवायची. पंधरा मिनिटांचं काम. पण हंगाम सुरू झाल्यापासून त्याला तास लागे, तोवर टोळ्यांचे मुकादम कंटाळून निघून जात. खापर सांगलीच्या ऑपरेटर बाईंवर फुटे. मीही फोडलं होतं. शेती अधिकाऱ्यांनी त्यांना सोमवारपासून वजनकाट्यावर पाठवायचं ठरवलं होतं. तिथं दिवसभर धूळ खायची आणि गाडीवानांच्या शिव्या ऐकायच्या.

त्याआधी याच साहेबांचं निदान होतं, लाइन खराब. त्यापायी लाइनमनला दोनदा वडे चारून झाले. तो खांबावर चढला, तार हलवली, उतरून सुधारल्याचं जाहीर केलं. मी रिसीव्हर कानाला लावला. लाइन स्वच्छ होती.

मग स्क्रीनकडे नीट पाहिलं. यादीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, अगदी चिमुकले जात होते. एक पाठवायचं, पोचल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं, मग दुसरं. ट्रकभर विटा एकेक करून हातात द्याव्यात आणि प्रत्येक विटेची पोच घ्यावी, तसं. पॅकेट केवढं घ्यायचं हे घेणारी बाजू ठरवते, म्हणून सांगलीला फोन केला आणि बाईंना सेटिंग वाचायला लावलं. लांबी वीस. शेकड्यांत हवी होती.

"वीस कुणी केलं?" माझा आवाज चढलाच.

"आवं मॅडम, तुमीच की. मोडेमवर चिठ्ठी हाय तुमच्या हातची, यातलं काही बदलू नये. दसऱ्याला मशिनीबरोबर तिलाबी हळदकुंकू वाहिलंय."

आठवलं. जुलैत हंगामाआधीची चाचणी घेताना लाइन खरखरत होती. मोठं पॅकेट बिघडलं की सगळं परत पाठवावं लागे, म्हणून मीच सांगलीला जाऊन ते लहान केलं, चिठ्ठी डकवली आणि विसरले.

"नऊशे करा. आणि ती चिठ्ठी फाडा."

नऊशे त्यांनी केलं. कुंकू लावलेला कागद फाडायला मात्र तयार होईनात, ड्रॉवरमध्ये ठेवते म्हणाल्या. यादी बारा मिनिटांत गेली. साहेबांना मशीन बिघडलं होतं असं सांगते, मी म्हटलं.

"मशिनीची बदली न्हाई झाली, मॅडम. माझी झालीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा चहा यायच्या आत त्यांच्या टेबलावर कागद ठेवला: पॅकेट मी लहान केलं, मोठं करायला मीच विसरले, बाईंची बदली रद्द करावी. खाली सही केली. मग तोच मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून सांगलीला पाठवला.