खिशातली चिमूट

दादांच्या तोंडात दोनच बोटं जात होती. हिंगोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तेव्हा आम्हाला ते पहिल्यांदा कळलं. तोवर दादा भाकरी इतकी बारीक कुस्करून का खातात याचा मी विचारच केला नव्हता. दात कमजोर झाले असतील, असं धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, आतली कातडी आवळत चालली आहे. तंबाखू आजच सुटली तर आहे तेवढं तोंड उघडत राहील. नाही सुटली तर काय, ते त्यांनी दादांना बाहेर बसवून मला एकटीला सांगितलं.

दादा म्हणजे माझे वडील. जवळा बाजारकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर नोकरी काढली, तिथूनच निवृत्त झाले आणि हिंगोलीत आमच्याजवळ राहायला आले. गावात त्यांना गुरुजी म्हणायचे, हिंगोलीतही सगळे गुरुजीच म्हणायला लागले.

माझा तेव्हा बस स्टँडमागच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, त्यातली चार धड चालणारी. भारनियमनाचं वेळापत्रक दाराला चिकटवलेलं असायचं आणि बॅचेस त्याच्या हिशोबानं लावायच्या. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन कप विसळून ठेवता यायचा. आता ते आठवलं की वैताग यायला पाहिजे, पण येत नाही. लाइन जुळतानाची ती किरकिर कुठे ऐकू आली तर मी आजही हातातलं काम थांबवीन.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संस्थेकडून विचारणा झाली. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी ते मराठीत एक संकेतस्थळ तयार करत होते. शहरातल्या लोकांनी ते वापरून पाहिलं होतं, आता त्यांना आमच्याकडची माणसं हवी होती. मी डझनभर लोक जमवायचे, तीन महिने त्यांच्याकडून रोजचं पान भरून घ्यायचं आणि कुठे काय अडतं ते कळवायचं, असं काम होतं. मी हो म्हटलं आणि यादीत पहिलं नाव दादांचं टाकलं. डॉक्टरांनी समजावून झालं होतं, मी रागावून झालं होतं, आईनं अबोला धरून झाला होता. म्हटलं, आता मशीनला सांगू द्या.

पुण्याहून सीडी आली. तिच्यातला फॉन्ट मशीनमध्ये घालायचा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. रोजचं पान साधं होतं. आज किती वेळा तंबाखू खाल्ली, एवढं लिहायचं. शून्य लिहिलं की महिन्याच्या तक्त्यात त्या दिवसाचं घर हिरवं व्हायचं, नाहीतर लाल. आठवडाभर हिरवं राहिलं की कोपऱ्यातून सूर्य वर यायचा आणि खाली अभिनंदन लिहून यायचं. महिन्यातून एकदा बोटांची परीक्षा होती, डॉक्टरांनी केली तशीच.

दादांनी हे काम शाळेच्या हजेरीसारखं मनावर घेतलं. रोज पाचच्या सुमारास सायकल लावून आत यायचे, चष्मा पुसायचे आणि एका बोटानं आकडा दाबायचे. पहिल्या आठवड्यात तीन लाल, मग दोन, मग सगळी हिरवी. सूर्य वर आला तेव्हा त्यांनी क्लासमधल्या मुलांना बोलावून दाखवला. मी पुण्याला फोन करून सांगितलं. तिथे जी मुलगी हे काम बघायची तिलाही आनंद झाला. बाकीच्या लोकांचे तक्तेही असेच हिरवे होत होते. हिंगोलीचा निकाल पुण्यापेक्षा चांगला आहे, असं ती म्हणाली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पाचव्या आठवड्यात पुण्याहून दुसरी सीडी आली. ती आणायला मी दुपारी स्टँडवर गेले. तिथे लिंबाच्या झाडाखाली एक बाकडं होतं. त्यावर दादा बसले होते आणि शेजारी त्यांचा दोस्त, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. कंडक्टरनं तळहातावर तंबाखू मळली, दोन थापा मारून धूळ उडवली आणि हात पुढे केला. दादांनी चिमूट उचलली आणि ओठाआड ठेवली. मी खांबाआड थांबले नाही की पुढेही गेले नाही. सीडी घेतली आणि क्लासवर परत आले.

पाच वाजता दादा आले, चष्मा पुसला आणि माझ्यासमोर शून्य दाबलं.

मी म्हटलं, "दादा, दुपारी स्टँडवर काय खाल्लं?"

ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, "ती मपली नव्हती, माय. कंडक्टरची होती. मी पुडी कवाच सोडली."

"पण तोंडात तर तुमच्याच गेली."

"दिवसात किती चहा पेता असं तुला कुणी विचारलं, तर लोकाच्या घरचे धरतीस का? घरचेच सांगतीस ना. देणाऱ्याचं मोजत नसतेत."

ज्या माणसानं आयुष्यभर मुलांच्या हजेरीत एक खाडाखोड केली नाही, तो हे बोलत होता आणि त्याला ते अगदी सरळ वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांचा हिशोब तोच. स्वतःच्या पुडीतली मोजायची, दुसऱ्यानं दिलेली मोजायची नाही. हिंगोलीचा निकाल का चांगला होता ते कळलं. घरी येऊन हे सांगत होते तर आई मिश्री लावलेलं बोट दातावर फिरवत म्हणाली, या पुरुषांना लाज नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मिश्री तरी कशाची असते? भाजलेल्या तंबाखूचीच. आणि दादांचं नाव टाकताना, घरात आणखी कोण तंबाखू खातं या प्रश्नापुढे, कुणी नाही, असं मी माझ्या हातानं लिहिलं होतं. दादांना हसण्याचा माझा हक्क तिथेच संपला.

पुण्याच्या मुलीला सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं की दिली तर ही माणसं नको का म्हणत नाहीत. संकेतस्थळावर त्यासाठी एक पान होतंच. 'नको, मी सोडली आहे' हे वाक्य आरशासमोर रोज दहा वेळा म्हणायचं. ते पान मी दादांना उघडून दिलं. त्यांनी वाचलं. मशीन बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मीही गेले.

तिथे त्यांनी मला जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा त्या गावात त्यांना पाणीसुद्धा ओंजळीत वरून ओतलेलंच मिळायचं. गुरुजी म्हणायचे, मानानं बोलायचे, पण पारावर बसलेली माणसं तंबाखू मळून सगळ्यांपुढे हात फिरवायची आणि दादांपाशी आली की हात मिटायचा. कुणाला फारच वाईट वाटलं तर त्यांच्या तळहातावर वरून टाकायचा. दादा तेव्हा तंबाखू खातही नव्हते. मग गावच्या गाडीवर हा कंडक्टर आला, तो त्याच गावातल्या मोठ्या घरातला. एकदा गाडी नादुरुस्त होऊन पारापाशी थांबली. यानं सगळ्यांसमोर तंबाखू मळली आणि पहिला हात दादांपुढे केला. दादांनी त्याच्या तळहातावरून चिमूट उचलली. पार बघत होता. उरलेली कंडक्टरनं स्वतः खाल्ली.

"त्या दिवसापासून खातो," दादा म्हणाले. "आता त्या हाताला नको म्हणू? कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी व्यवहारी बाई आहे. मला दोन बोटं दिसत होती. पण ती पायरीवरची गोष्ट ऐकल्यावर 'नको म्हणा' असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, चिमूट घ्या. घेऊ नका असं डॉक्टर म्हणाले नाहीत, खाऊ नका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादा आले ते सदऱ्याच्या खिशावर हात धरून. कंडक्टरनं हात पुढे केला की चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि खिशात टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. जमलं, म्हणाले. पण जीव नुसता तळमळला. मी कॉफीची रिकामी बाटली दिली. खिसा उलटा करून त्यांनी त्यात झाडला. मग आकडा दाबताना थांबले. शून्य दाबलं तर घेतलेली कुठे दाखवायची, असा त्यांचा प्रश्न. बरोबर प्रश्न होता. मी पुण्याला कळवलं की 'घेतली पण खाल्ली नाही' असं घर पाहिजे. तिकडच्या प्रोग्रॅमरनं आधी नकार दिला, सगळा तक्ता बदलावा लागेल म्हणाला. मी रोज फोन केला. आठव्या दिवशी पिवळा रंग आला.

दादांचा पुढचा महिना जवळजवळ पिवळा गेला. मधे चार लाल होते, तेही त्यांनीच लिहिले. आई सदऱ्याच्या खिशाचे डाग घासून दमली. शेवटी तिनं खिशाला आतून प्लास्टिक शिवून दिलं. ते प्लास्टिक चालताना कुरकुर वाजायचं, आणि त्यामुळेच एक दिवस बाकड्यावर सगळं उघडं पडलं. कंडक्टरनं तो आवाज ऐकून खिशात डोकावून पाहिलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "मपली तंबाखू नेऊन पेरून राहिले का काय?"

दादांनी त्याला तोंड उघडून दाखवलं. दोन बोटं घालून दाखवली. हे मला दादांनीच संध्याकाळी सांगितलं. मग कंडक्टर काय म्हणाला, मी विचारलं. काहीच नाही म्हणाला, नुसता बसून राहिला, असं दादा म्हणाले. मला वाटलं, संपलं. आता तो दादांपुढे हात करणार नाही आणि दादा त्या बाकड्यावर जाणार नाहीत. घरात बसणार आणि घरात बसलेला माणूस पुडी उघडणार. त्या दिवशी मी दादांच्या तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता दादा आले आणि त्यांनी खिसा झाडला. बाटलीत पडलेली चिमूट पाहिली तर तिला चुनाच लावलेला नव्हता. कोरडी तंबाखू, तीही चार-पाच काड्या, नुसती नावाला. कंडक्टरनं आपली मळायच्या आधी पुडीतून तेवढी वेगळी काढली होती आणि नेहमीसारखा पहिला हात दादांपुढे केला होता. "घ्या गुरुजी, तुमचं पेरायचं बी," असं म्हणाला होता.

तेव्हापासून रोज तेच. चिमूट लहान होत गेली, पण चुकली कधी नाही. कंडक्टर पुसेगावला लेकीकडे राहायला गेला तर तिथून परत आल्यावर मागच्या दिवसांच्या काड्यासुद्धा मोजून द्यायचा आणि दादा त्या तेवढ्याच गंभीरपणे खिशात टाकायचे. दोघं म्हातारे त्या बाकड्यावर हे करत बसायचे आणि गाड्या सुटायच्या. बाटली भरली की आई ती तंबाखू पाण्यात भिजत घालायची आणि गाळून कढीपत्त्यावर शिंपडायची. त्या वर्षी कढीपत्त्यावर माव्याची कीड पडली नाही.

तीन महिने झाले. बोटांची शेवटची परीक्षा झाली. तोंडात दोनच बोटं गेली, पण डॉक्टरांनी आरसा लावून पाहिलं आणि आवळणं थांबलं आहे म्हणाले. तेवढ्यावर मी खूश होते. दादा त्यानंतर कितीतरी वर्षं जेवले, भाकरी कुस्करूनच, पण जेवले.

संकेतस्थळाचं शेवटचं पान राहिलं होतं. तंबाखू सुटली का, याला दादांनी होय दाबलं. पुढचा प्रश्न होता, सर्वांत जास्त मदत कशाची झाली. उत्तरं दिलेली होती: रोजचा तक्ता, माहितीची पानं, डॉक्टर, घरची माणसं. दादांनी सगळी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, यात न्हाई. खाली 'इतर' असं एक घर होतं, त्यात टाइप करावं लागायचं. ते त्यांना जमायचं नाही, म्हणून की-बोर्ड मी ओढून घेतला.

"लिही," ते म्हणाले, "ज्यानं रोज दिली त्याची."

मी लिहिलं. चार दिवसांनी पुण्याहून त्या मुलीचा फोन आला. तुमच्या पहिल्या नावापुढे काहीतरी चुकीचं टाइप झालंय, दुरुस्त करू का, विचारत होती. मी म्हटलं, बराबर आहे ते. तसंच राहू द्या.