गल्लीएवढी जीप

पानेदादा लग्नालासुद्धा खिशात पाना घालून येत. विहारात वंदनेला घालावा तसा पांढरा, इस्त्रीचा शर्ट, आणि छातीवरच्या खिशातून डोके वर काढणारा दहा-अकराचा पाना. नवरदेवाच्या बापाला ते मिठी मारीत तेव्हा तो पाना त्या बिचाऱ्याच्या बरगडीत रुतत असे. माझ्या शर्टाला नेमक्या त्याच जागी निळे आणि काळे अशी दोन पेने असतात. "जयभीम, रायटर," ते म्हणत. "आपण दोघंही हत्यार लावूनच हिंडतो. फरक एवढाच, की माझ्या हत्याराने कधी कधी काहीतरी चालू होतं."

हा टोला मी त्यांच्याकडूनच सहन केला. मी कचेरीच्या भिंतीलगत टेबल मांडून अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याचे धाडस भिवंडीत फारसे कोणी करीत नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे. पानेदादांना मात्र त्याचे काही वाटत नसे. सरकारी डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर माणसे जशी देवदर्शनाला किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर जातात, तसे ते एका जुन्या जीपखाली गेले. टेमघरला त्यांचे बैठे घर आणि घरापुढे छोटेसे अंगण. त्या अंगणात ताडपत्रीखाली ही जीप आणि जीपखालून बाहेर आलेले दादांचे पाय. मी त्यांच्या चेहऱ्याशी बोललो त्याहून अधिक वेळ त्यांच्या पायांशी बोललो असेन.

जीप भंगारातून आणलेली होती. कोण्या जंगल ठेकेदाराने वापरून टाकलेली, चारही चाकांना ताकद देणारी, दोन लीव्हरची जुनी गाडी. ती मुख्य रस्त्यापर्यंत टेम्पोने ओढत आणली. पुढे गल्लीतून अंगणापर्यंत शेजाऱ्यांनी आणि शिफ्ट सुटलेल्या लूमच्या कामगारांनी धक्का मारून आणली. तिला इंजिन होते, पण ते गोठून गेलेले. हूड नव्हता, पत्र्याला जागोजागी भोके होती. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हाडकं आनलीत. आता कातडं कवा आननार?"

आणि तरीही ती जीप वहिनींसाठीच होती. वहिनींचे माहेर वाडा गावाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीतला एक पाडा. रस्ता संपतो तिथून पुढे ओढा लागतो, आणि ओढ्याच्या पात्रातूनच वर चढावे लागते. साधी गाडी तिथे जात नाही. वहिनींचे दोन्ही गुडघे गेले, तेव्हापासून चालतही जाता येईना. मागे एकदा भाच्यांनी त्यांना बाजेवर बसवून, चौघांनी खांदा देऊन नेले होते. भाच्यांची भावना चांगली होती; पण वहिनींच्या मनाला ते लागले. "जित्तेपनी खांद्यावर नेली मला," त्या म्हणत. "सगला पाडा बगत व्हता. आता जाईन ती माझ्या पायांनी उतरीन, न्हाय तर जायाची न्हाय." तिकडे त्यांची आई थकली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारीत होती, की माझी कमळी का येत नाही. दादांनी यावर काही वाद घातला नाही. ते भंगारवाल्याकडे गेले.

पुढील काही वर्षे त्यांनी त्या जीपला काय काय केले ते मी पाहिले आहे. ओढ्यातल्या धोंड्यांवरून पोट घासू नये म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटा घालून ती उंच केली. कलंडू नये म्हणून एका मोठ्या मोडीत निघालेल्या गाडीचे रुंद अॅक्सल खाली बसवले. मानकोलीकडच्या एका गोदामातून जाडजूड टायर आणले. जीप उंच झाली म्हणून वहिनींसाठी घडीची पायरी केली. ती गल्लीतल्या सलीमभाई वेल्डरने जोडून दिली. परंतु सर्वांत मोठी करामत म्हणजे बैठक. एक केशकर्तनालय मोडीत निघाले, त्यातल्या खुर्चीखालची फिरती चकती दादांनी आणली आणि डाव्या सीटखाली बसवली. वहिनींनी पायरीवर उभे राहायचे, बाहेर तोंड करून बसायचे, आणि मग सीटच आत वळायची. गुडघा कुठेही मुडपायचा नाही.

"दाढी पन करनार का माझी?" वहिनींनी विचारले.

"तू आधी बसून तर बघ."

त्या बसल्या. सीट आत वळली, बाहेर वळली, पुन्हा आत वळली. त्या दिवशी आम्हा दोघांना चहाबरोबर बटाटेवडे मिळाले.

दादांची काम करण्याची एक रीत होती. फीतपट्टीवर त्यांचा विश्वास नसे. मापे ते सुतळीने घेत. जीप घरी आली त्याच दिवशी त्यांनी गल्लीतल्या सर्वांत अरुंद जागी सुतळी ताणली, दोन्ही अंगांना हाताची चार बोटे सोडली आणि गाठ मारली. ती सुतळी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असे. अॅक्सल असो, टायर असो, मडगार्ड असो, जे काही रुंदीत वाढेल ते आधी त्या गाठीशी पडताळून पाहिले जाई. "डेपोत एकदा मापं लिहिलेली वही तेलात पडली," त्यांनी मला समजावले. "सुतळी तेलात पडली तरी तेवढीच राहते."

सुतळी तेवढीच राहिली. गल्ली राहिली नाही.

गाडी चालू झाली तो रविवार होता. इंजिन खोकले, काळा धूर सोडला आणि सुरू झाले. माणसे दारादारांत आली. वहिनी नवे पातळ नेसून आपल्या फिरत्या सीटवर बसल्या होत्या. दादांनी जीप अंगणाबाहेर काढली, सावकाश पुढे नेली आणि सलीमभाईंच्या घरापाशी थांबवली. उजवीकडे सलीमभाईंचा लोखंडी जिना, डावीकडे समोरच्यांचा नवा ओटा. मधून जीप जाईना.

सलीमभाई हसत हसत पुढे आले. "दादा, गली पतली हो गई के गाडी मोटी?"

दादा उतरले, घरात गेले, सुतळी घेऊन आले. एक टोक ओट्याला धरले, दुसरे सलीमभाईंच्या हातात दिले. सुतळी मधोमध लोंबली. सलीमभाईंचे हसू तिथेच विरले, कारण त्यांच्या हातातले टोक त्यांच्याच जिन्याला टेकले होते. मुलाच्या लग्नापूर्वी वर खोली बांधली, तेव्हा त्यांनी तो जिना स्वतःच्या हातांनी वेल्ड केला होता. कोणी ओटा घातला, कोणी टाकी बसवली, कोणी पायरी वाढवली. ही गल्ली कोणा एकाने गिळली नव्हती. सर्वांनी घास घास खाल्ली होती. आणि दादा त्या सगळ्या काळात गाडीखाली होते.

"काट देता हूँ, दादा," सलीमभाई म्हणाले. "अभी मशीन लाता हूँ. जीना काट देता हूँ."

"आणि सून वर कशी जाईल? उडत?" दादांनी सुतळी गुंडाळली. "राहू दे."

त्यांनी जीप तशीच मागे घेतली. वहिनींनी सीट बाहेर वळवली, पायरीवर पाय ठेवला आणि कोणाचाही हात न धरता आपल्याच अंगणात उतरल्या.

मी स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नाही. त्याच संध्याकाळी मी मसुदा केला: गल्ली पूर्ववत रुंद व्हावी, अडथळे हटवावेत, विलंब झाल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी कार्यालयावर राहील, वगैरे. अर्ज जोरकस होता. दादांनी तो ऐकला आणि ते म्हणाले, "कुणाचंही नाव घालायचं नाही. हीच माणसं माझ्या गाडीला धक्का मारायला आली होती."

"नाव घातल्याशिवाय अर्ज चालत नाही, दादा."

"मग नका चालवू."

मी नावे वगळून अर्ज दिला. खिडकीवरच्या साहेबांनी विचारले, अतिक्रमण कोणाचे? मी म्हणालो, सर्वांचे. ते म्हणाले, "सर्वांचे म्हणजे कोणाचेच नाही," आणि अर्ज दुसऱ्या खिडकीकडे पाठवला. त्यानंतर स्मरणपत्रे झाली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रे झाली. या धंद्यात मी पुष्कळ थकलो आहे, परंतु त्या अर्जाने आणलेला थकवा वेगळा होता. दादा चेष्टा करीत: "रायटर, तुमचा अर्ज आणि माझी गाडी. दोघांची इंजिनं चालू, दोघंही जागेवर."

मग पाड्यावरून वहिनींच्या भावाचा फोन आला. आई आता माणसे ओळखण्यात चुकू लागली होती. वहिनी फोन ठेवून भाजी निवडायला बसल्या. दादांनी खिळ्यावरची सुतळी काढली, जिना आणि ओट्याच्या मध्ये धरली, आणि जुनी गाठ तशीच ठेवून तिच्या अलीकडे एक नवी गाठ मारली.

"काय करता?" मी विचारले.

"गल्ली गाडीएवढी होत नाही. गाडी गल्लीएवढी करतो."

जी रुंदी त्यांनी वर्षानुवर्षे घडवली होती, ती ते आता उतरवू लागले. रुंद अॅक्सल निघाले. जाड टायर भिंतीला टेकले. भंगारातून जीपसोबत आलेले मूळचे अरुंद अॅक्सल अंगणाच्या कोपऱ्यात गंजत पडले होते, ते घासूनपुसून पुन्हा बसवले. त्या वयात ते काम सोपे नव्हते. एक नट फिरवून ते जमिनीवर आडवे पडून राहत आणि आभाळाकडे बघत. सलीमभाई रोज कामावरून येऊन पाना धरीत. गाडी मूळ रूपात आल्यामुळे तिचे पासिंगही सुरळीत झाले. त्याचे कागद मी केले, ही त्या प्रकरणातली माझी एकमेव उपयुक्त कामगिरी.

आम्ही पावसाळा ओसरल्यावर निघालो. मी मागे, दादांनी नव्याने बसवलेल्या हूडच्या फडफडाटाखाली. जिन्यापाशी गल्लीभर माणसे श्वास रोखून उभी होती. जीप दोन्ही बाजूंना बोटभर सोडून निघाली. पुढे डांबरी रस्ता लागला. पुढच्या चाकांना ताकद देणारा तो दुसरा लीव्हर दादांनी त्या रस्त्यावर कुठेही लावला नाही. चढणीवर मी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "तो अडचणीसाठी असतो. चांगल्या रस्त्यावर लावला तर चाकं एकमेकांशी भांडतात. आणि रोजच लावला तर अडचणीला काय लावणार?"

ओढ्यात पाणी होते. अरुंद जीप धोंड्यांवर डगमगत चढू लागली. अर्ध्यावर मागचे चाक घसरले, गाडी एका अंगाला कलली आणि मी हूडचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"अहो, लावा की तो लीवर!" वहिनी ओरडल्या.

"लावतो. आता आली अडचण."

त्यांनी लीव्हर खेचला. खालून कट्कन आवाज आला, पुढच्या चाकांनी दगड धरले आणि ती जीप, हाडकांची जीप, पाण्यातून वर निघाली.

भावाच्या अंगणात दादांनी ती अशी उभी केली, की वहिनींची बाजू दाराकडे यावी. सीट बाहेर वळली. वहिनींनी पायरी खाली पाडली, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि उभ्या राहिल्या. म्हातारी ओसरीवर बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिले.

"कमळे? कोनी उचलून आनली गं तुला?"

"कोनी न्हाय, आये. माझी मी आले."

दादा तोपर्यंत बॉनेट उघडून आत डोके घालून उभे होते. तिथे काहीही बिघडलेले नव्हते.

पुढच्या पावसाळ्याच्या आत ती म्हातारी गेली, आणि पावसाळा संपता संपता दादाही गेले. ताप आला, दवाखान्यात नेले, आणि मग आणले. विहारातल्या मंडळींनी त्यांना पांढरा शर्ट घातला. खिशात पाना ठेवावा की काढावा, यावर कुजबुज झाली. वहिनींनी ठेवायला सांगितले.

मुलगा पुण्याला असतो. गाडी कोण चालवणार, असे म्हणून त्याने ती एका शौकिनाला विकली. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. वहिनींनी फक्त फिरती सीट काढून ठेवून घेतली. गिऱ्हाइकाने जीप गल्लीतून सहज बाहेर नेली. तिला कुठेही घासले नाही. रुंद असती तर ती अजून अंगणातच राहिली असती, हा विचार मी तेव्हा कोणाजवळ बोललो नाही.

आता गटाराच्या कामासाठी ती गल्ली मोकळी करण्यात आली आहे. ओटे गेले, पायऱ्या गेल्या, सलीमभाईंनी जिना आतून घेतला. माझ्या अर्जामुळे की गटारामुळे, हे कोणत्याही खिडकीवर सांगता येत नाही. मी मात्र हल्ली पहिल्याच अर्जात कलमे आणि परिणामांच्या धमक्या घालीत नाही. आधी साधी विनंती लिहितो. पक्षकार कुरकुरतात, मी त्यांना थांबायला सांगतो.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. त्या दारात फिरत्या सीटवर बसल्या होत्या. भिंतीला टेकलेल्या जाड टायरमध्ये माती भरून त्यांनी अळू लावले आहे. मी दारामागची सुतळी मागितली. त्यांनी न विचारता दिली आणि गुडघे धरून माझ्यामागे आल्या. एक टोक त्यांनी धरले, दुसरे मी, पूर्वी जिथे जिना होता तिथे.

सुतळी जुन्या गाठीपर्यंत ताठ बसली. दोन्ही अंगांना चार चार बोटे.

"बसली बरोबर," वहिनी म्हणाल्या.

मी माझे टोक सोडले. त्यांनी सुतळी बोटांभोवती गुंडाळली, परत येऊन खिळ्याला टांगली, सीटवर बसल्या, आणि सीट आत वळवली.