‘हिची हौस’ नावाचा ट्रॅक

साउंडरावांनी आपल्या बायकोला पाहिलं नंतर, आधी ऐकलं. त्या पहिल्याच सुराने रेकॉर्डिंगच्या मशीनवरचा आवाज मोजणारा काटा लाल रेघ ओलांडून जो गेला तो चहा घेऊनच परतला. व्हायोलिनवाल्याची तार तुटली, ड्रमवाल्याला आयुष्यात प्रथमच देव आठवला आणि छपरावरच्या कबुतरांनी पिढीजात बिऱ्हाड हलवलं. बाई कोरसमधली एक जागा भरायला आल्या होत्या. त्यांनी सगळ्याच जागा भरल्या. काचेमागे बसलेल्या साउंडरावांनी कानांवरचे हेडफोन काढले, बाईंकडे पाहिलं आणि घायाळ झाले. डोळ्यांनी कानांचं ऐकलं नाही, एवढाच काय तो अपघात.

साउंडराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शिंप्याच्या दुकानामागे एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, असा त्यांचा स्टुडिओ. शिंप्याचं मशीन सुरू झालं की रेकॉर्डिंग थांबायचं. रेकॉर्डिंग सुरू झालं की शिंपी काजं करायला बसायचा. शाळांची गाणी, साबणांच्या जाहिराती, निवडणुकीच्या घोषणा, सगळं त्या गाद्यांनी मुकाट्याने सोसलं.

कान मात्र तिखट. आणि जीभ भित्री. गाणाऱ्याला तोंडावर “वा, काय लागलाय आवाज!” म्हणायचं आणि कॉम्प्युटरवर त्याच्या ट्रॅकला, म्हणजे त्याच्या आवाजाच्या वेगळ्या पट्टीला, ‘शिरा ताणणारा’ असं नाव द्यायचं, ही त्यांची कामाची पद्धत. ‘मेहुण्याचं गिटार’, ‘उरलेला खोकला’, ‘याला पुन्हा बोलावू नये’ अशी ती नावं. स्क्रीन फक्त तेच बघत, त्यामुळे आयुष्यभर कुणाशी भांडण झालं नाही.

बायको प्रत्येक गाण्याच्या कोरसमध्ये गायची. मग जावेला फोन करून सांगायची, “तिसऱ्या ओळीला नीट ऐका हं, ती मी!”

“ऐकलं गं,” जाऊबाई म्हणायच्या. “मला नाही बाई तू कुठे सापडलीस.”

“त्यांचे कानच तसले,” साउंडराव बायकोची समजूत घालायचे आणि पंखा पुसायला लागायचे.

अशात पोहण्याच्या क्लबाचं गाणं आलं. ट्रॅक इतके झाले की साउंडरावांना आपलीच माणसं सापडेनात. कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला असलेली लेक म्हणाली, “बाबा, एआय जोडून देते. ट्रॅकची नावं, कोणाचा आवाज किती, कोणता बंद, सगळं वाचून दाखवेल. तुम्ही नुसतं विचारायचं.”

“बिघडवणार नाही ना काही?”

“हातच लावणार नाही. फक्त वाचेल.”

साउंडराव खूश झाले. हात लावणारा परवडतो, वाचणारा परवडत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कौतुक बघायला बायकोही स्टूल ओढून बसली.

“विचार गं त्याला,” ती लेकीला म्हणाली, “माझा आवाज कुठे आहे?”

स्पीकरमधून सभ्य आवाज आला, “कोरसच्या गटात ‘हिची हौस’ नावाचा एक ट्रॅक आहे. तो आपला असू शकेल. सध्या तो बंद आहे.”

“बंद म्हणजे?”

“गाण्यात तो ऐकू येत नाही.”

साउंडरावांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा स्वच्छ होता.

“जुन्या गाण्यांतही बघ,” बायको म्हणाली. आता ती थेट स्पीकरशीच बोलत होती.

“उघडता आलेल्या सगळ्या गाण्यांत हा ट्रॅक आहे. एक सोडून सगळीकडे बंद आहे.”

“ते एक कोणतं?” तिचा चेहरा जरा उजळला.

“‘घुसखोर आला, भोंगा बोलला’. चोरांपासून सावध करणाऱ्या भोंग्याची जाहिरात.”

लेकीने ओठ चावले. शिंप्याचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं.

“म्हणजे जाऊबाई खरं बोलत होत्या,” बायको हळूच म्हणाली. “आणि मी त्यांना बहिरं ठरवलं. एवढं होतं तर दरवेळी मला माइकसमोर उभं कशाला करत होतात?”

साउंडरावांची भित्री जीभ पहिल्यांदाच खरं बोलली. म्हणाली, “तू काचेपलीकडे उभी असलीस की माझं काम बरं होतं.”

“गोडगोड बोलू नका. उघडा तो.”

“अगं, गाण्याचा पार...”

“उघडा म्हणते ना!”

साउंडरावांनी शेवटची आशा म्हणून स्पीकरला विचारलं, “तूच उघडतोस का रे?”

“क्षमा करा, मला फक्त वाचता येतं.”

तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. काटा लाल रेघेपलीकडे गेला. बायकोने शेवटच्या ओळीपर्यंत डोळे मिटून ऐकलं, पदराने नाक पुसलं आणि लगेच जावेला फोन लावला. “क्लबात जाऊन ऐका. या वेळी मी सापडेन. नाहीच सापडले तर नाव बदलीन!”

क्लबाचे अध्यक्ष गाणं ऐकून म्हणाले, “लांबून कुणीतरी मदतीला हाका मारतंय असं वाटतं. पण पाण्याजवळ बरं आहे, लोक सावध राहतील.” गाणं पास झालं.

पुढच्या आठवड्यात क्लबाच्या तलावाला तळाशी गळती लागली आणि क्लबच बंद झाला. जाऊबाई ऐकायला गेल्या तेव्हा फाटकाला कुलूप होतं. ते अजून आहे.