पिठाच्या डब्याला कुलूप

आमच्याकडे सासूचा उद्धार करायचा तर झोक्यावर बसून करावा लागतो. पाय जमिनीला टेकलेले असताना तेच बोललं तर पोरगी उलट्या तोंडाची ठरते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खानदेशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात आणि गाण्यांतून सासू, नणंद, जाऊ, दीर, कुणालाच सोडत नाहीत. पुरुष तिकडे पारावर पत्ते कुटत बसतात. त्या दिवसांत जुगाराला कुणी जुगार म्हणत नाही.

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी आली ती ऐंशीच्या दशकात. माहेर एरंडोलजवळच्या खेड्यात, सासर धुळ्याला. स्थळ ठरलं तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, गावभर सांगत फिरले होते की पोरीच्या सासरी रंगीत टीव्ही आहे. टीव्ही होताच, खोटं कशाला बोलू? फक्त त्याच घरात पिठाच्या डब्याला कुलूप होतं. सासूबाई मोजकं पीठ काढून द्यायच्या आणि किल्ली कमरेला खोचायच्या. भाकरी आधी सगळ्यांच्या ताटात जायच्या, उरलं तर माझं. नवरा रोज विचारायचा, जेवलीस का, आणि उत्तर ऐकायच्या आत कूस बदलायचा.

माहेरी आले तशी मी आईला सांगून टाकलं. आडपडदा न ठेवता.

"माय, तठे माले पोटभर भेटत नही."

आई पुरण वाटत होती. तिचा हातसुद्धा थांबला नाही. "नवं नवं असंच राहस," ती म्हणाली. "सवय व्हई जाई."

मी बघतच राहिले. सवय कशाची, भुकेची? बरं, आई काही दगडाच्या काळजाची नव्हती. शेजारच्या मांजरीला दूध मिळालं नाही तरी हळहळणारी बाई. पण लेकीच्या तोंडून सासरची तक्रार यायचीच, असं तिने धरूनच ठेवलं होतं. सण उरकला की माझा दीर मला न्यायला येणार होता. नानांशी असलं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि ज्या आईशी बोलायचं तिने पुरणाबरोबर मलाही वाटून टाकलं होतं.

दुपारी मैत्रिणींनी ओढत झोक्यावर नेलं. "नवी नवरी, तू म्हन आते!" माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. झोका वर गेला आणि तोंडातून जे निघालं ते निघालं:

पीठना डबाले कुलूप वं माय,
किल्ली सासूनी कंबरले,
भूक लागनी, सांगू कोले?
उनू तुना दारले.

भूक लागली, कुणाला सांगू, म्हणून आले तुझ्या दारी; एवढं ऐकून सगळं थांबेल, असं मला वाटलं होतं. कुणीतरी झोका धरेल, मला खाली उतरवेल, जवळ घेईल. आणि बायका हसल्या! पोट धरधरून हसल्या. सासूने मारलं, नणंदेने चुगली केली, ही गाणी त्यांना पाठच होती. पिठाला कुलूप मात्र त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. "मायवं, काय डोकं चालस हिनं! आखो एक म्हन!" असं म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि झोका थांबवायचा सोडून मला आणखी जोरात झोका दिला. मी वर जात होते, खाली येत होते, रडत होते, आणि बायका म्हणत होत्या, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. असा संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

संध्याकाळपर्यंत गाणं गल्लीभर झालं. परकरातल्या पोरी म्हणू लागल्या, पाणी भरायला आलेल्या बायका म्हणू लागल्या. मी कानावर उशी दाबून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी करायला बसली आणि बसल्या बसल्या तेच गुणगुणू लागली. तिला कळतही नव्हतं ती काय म्हणतेय. चाल चांगली होती ना! 'पीठना डबाले' म्हणत तिने डब्याचं झाकण काढलं, हात आत घातला, 'भूक लागनी' म्हणाली आणि पुढचा शब्द तिला येईना. पिठाने माखलेला हात डब्यातच राहिला. तिने मान वळवली.

"पोरी, ते कुलूप खरं शे?"

"हां."

काल मी सरळ सांगितलं ते तिच्या कानावरून गेलं होतं. आज तेच तिच्या स्वतःच्या तोंडातून आलं, तेव्हा तिला लागलं.

आई उठली. डोक्यावर पदर घेतला आणि तशीच, पिठाच्या हाताने, पाराकडे चालायला लागली. मी हादरले. आखाजीच्या पत्त्यांत बाई जात नाही. आई तर नानांशी चारचौघांत कधी बोललेली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. ती डावाशेजारी उभी राहिली आणि खाली मान घालून गाणं म्हणू लागली. पुरुषांमध्ये खसखस पिकली. एक जण ओरडला, "वहिनी, झोका तथा, लिंबाले शे!"

आईने सगळं कडवं म्हटलं. मग पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. नानांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या माझ्याकडे. हातातले पत्ते त्यांनी उताणे खाली ठेवले, डाव अर्धा असताना.

"पोर आते जावाव नही," ते म्हणाले.

दीर आला, चहा पिऊन एकटाच परत गेला. रंगीत टीव्हीचं नाव नानांनी पुन्हा काढलं नाही. मी जळगावला शिवणकाम शिकले आणि तिथेच राहिले.

गाणं मी विसरूनही गेले होते. नव्वदच्या दशकात कधीतरी आखाजीला धुळ्याकडच्या एका खेड्यात पाहुणी म्हणून गेले, तर तिथल्या झोक्यावर तेच गाणं! ते तिथवर कसं पोचलं, देव जाणे. म्हणणाऱ्या पोरी कुलुपाच्या जागी येऊन खिदळल्या, जशा आमच्या गावच्या खिदळल्या होत्या. दोर धरून उभी असलेली, माहेरी आलेली एक नवी सासुरवाशीण मात्र हसली नाही. ती शब्द न चुकवता, खाली बघून, पुटपुटत होती.

मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "कुलूप कसाले शे, बाई?"

"सासरना भाईरना दरवाजाले," ती म्हणाली. मग माझा हात घट्ट धरून, "तुमले कसं कळनं?"

"गाणं मनं शे, मनं सोतानं," मी म्हटलं.