महादेवीताईंच्या आईचा फोटो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती आता नाही. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... लातुरात क्लासेसच्या पोरांना फिजिक्स शिकवणारा माणूस मी.

क्लासच्या गल्लीतच तिसऱ्या मजल्यावर माझी खोली. खाली दिवसभर पोरांचा गलका, वर मी एकटा. कोणाशी तरी बोलणं होईल म्हणून आपल्या भागातल्या लोकांच्या एका ऑनलाइन फोरमवर मॉडरेटर झालो. सभासदांचे फोटो आधी आमच्याकडे यायचे. अश्लील, रक्ताचे, प्रेतांचे असतील ते उडवायचे, बाकीचे मंजूर करायचे. भूकंपाच्या स्मृतिदिनी तर लोक ढिगाऱ्यातली प्रेतं टाकून लाइक्स मोजत बसायचे. त्याची मला चीड होती.

दुसरे मॉडरेटर नांदेडचे सलीमभाई. फोनवर हसायचे — "सर, तुम्ही लई कडक. एखाद्या दिवशी घाईत स्वतःचाच फोटो उडवून बसताल!"

अशाच एका स्मृतिदिनी एक फोटो आला. ढिगाऱ्यात पडलेली बाई. डोकं उघडं, केसांत माती, चोळी फाटलेली. खाली लिहिलेलं — 'माझी आई'. मी वाचलं आणि डिलीट केलं. संध्याकाळी फोन आला. औशाकडच्या महादेवीताई.

"सर, माझ्या आईचा फोटो उडवलाव का तुमी?"

"प्रेताचा फोटो चालत नाही, ताई. नियम सगळ्यांना सारखा."

"आवो, जित्तेपणी तिनं फोटोच काढला न्हाई कधी. पंचनाम्याच्या वक्ताला कुणीतरी काढलेला, त्याच्यावरनं मोबाईलात घेतलेला तेवढाच हाय. माझा जुना मोबाईल बंद पडायलाय, म्हनलं तुमच्यापाशी तरी ऱ्हाईल... सकाळीच तो बंद पडला, फोटो बी गेला. वापस द्या की, सर."

डिलीट केलेलं आमच्याकडे परत येत नसे. तेवढं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो." आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला.

पुढच्या रविवारची भर दुपार. पोरं टेस्टला बसलेली, गल्ली सुनसान. मंजुरीच्या रांगेत एकच फोटो होता, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. तोच ढिगारा, तीच बाई. पण डोक्यावर पदर होता, छातीवरूनही नीट घेतलेला. हरकत घ्यायला काही उरलंच नव्हतं.

मी सलीमभाईंना फोन लावला.

"रांग रिकामी हाय, सर. काहीच न्हाई. जेवलाव का?"

ते बोलतच होते... आणि फोटोतला हात हलला. मातीनं भरलेल्या बांगड्या मनगटावर घसरल्या. त्या हातानं पदराचा काठ धरला आणि कपाळापर्यंत पुढं ओढला — परका माणूस दारात आला की आपल्याकडच्या बायका ओढतात, अगदी तसा.

'मंजूर' आणि 'डिलीट' शेजारी शेजारी होते. घाबरून माझं बोट सवयीच्या जागी, 'डिलीट'वर पडलं.

तो फोटो पुन्हा आला नाही. सलीमभाईंनी सगळं तपासलं, कुठं खूण नाही. म्हणाले, "सर, नांदेडला या चार दिवस. एकटे ऱ्हाऊ नका." मी गेलो नाही.

नंतर धीर करून महादेवीताईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "सापडला का, सर?"

मी म्हणालो, "अजून बघतोय."

त्या दुपारी काय घडलं, ते मला आजही उलगडलेलं नाही. पण मी काय केलं, ते मला माहीत आहे. महादेवीताईंना मी त्यांच्या आईचा फोटो देणं लागतो. तो माझ्याकडे नाही, हे सांगणंही अजून बाकी आहे.