चांदीच्या डॉलरवरची पांढरी पूड

नोकरीतल्या जाडजूड फायली मी विसरले. ती चार पानांची फाइल मात्र अजून लक्षात आहे. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. ऑकलंडच्या नॉर्थ शोअर भागात माझी नेमणूक होती आणि पोलीस ठाण्यात मराठी येणारी मी एकटीच होते.

तक्रारदार त्याच भागातल्या अल्बनीत एकटे राहणारे सत्तरीचे गृहस्थ. जुने अमेरिकन चांदीचे डॉलर जमवण्याचा त्यांना चाळीस वर्षांचा छंद. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना झाडांना पाणी घालण्यासाठी त्यांनी घराची किल्ली शेजारच्या पुण्याच्या कुटुंबाकडे दिली. पाणी घालायला जात त्या घरातल्या आजी. त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. गृहस्थ परतले, टेबलावरची लाकडी पेटी उघडली, तर अठराच्या अठरा डॉलर जागच्या जागी, पण लखलखीत. त्यांचं म्हणणं एकच : ही माझी नाणी नव्हेत, खरी नेली आणि नकली ठेवली.

त्यात समोरच्या घरातल्या बाईंचा फोन आला. आजींना पदराखाली काहीतरी झाकून त्या घरात शिरताना त्यांनी पाहिलं होतं.

मी जबाब घ्यायला गेले. प्रत्येक प्रश्नाला आजी आधी सुनेकडे बघत आणि मग म्हणत, “मी फक्त झाडांना पाणी घातलं.” शब्दही दरवेळी तेच. पाठ केलेला जबाब ओळखायला फार हुशारी लागत नाही. मी सुनेला चहा करायला पाठवलं. आजींनी माझं माहेर विचारलं, मुलं किती ते विचारलं, चहात साखर कमी आहे म्हणाल्या, पण पाण्यापलीकडे सरकल्या नाहीत. निघताना सून दारापर्यंत आली. तिचा आणि नवऱ्याचा कायम रहिवासाचा अर्ज सरकारदरबारी होता. चोरीचा ठपका आला तर सगळ्यांनाच परत जावं लागेल, या भीतीने तिचा चेहरा उतरला होता.

ठाण्यात माझा सहकारी भिंगातून नाणी बघत होता. मागच्या बाजूच्या गरुडाच्या पंखांत त्याला पांढरी पूड सापडली. त्याने ती पाकिटात भरली, प्रयोगशाळेचा फॉर्मही काढला. त्याला मोठी केस दिसू लागली होती. मी चिमूटभर पूड बोटांत चोळली. खरखरीत. फॉर्म राहू दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर मी पुन्हा गेले. वही बाहेर काढलीच नाही. देवघरातलं चांदीचं निरांजन बघत सहज विचारलं, “आजी, चांदी राखेने घासता की रांगोळीने?”

“राख इथे कुठून आणू? रांगोळीनेच,” आजी पटकन बोलून गेल्या.

मग सगळं बाहेर आलं. त्या माणसाने ऑपरेशनआधी कौतुकाने पेटी दाखवली होती. चांदी पार काळवंडलेली. “दिवाळी आठ दिवसांवर आली. बिचाऱ्याच्या घरात बाईमाणूस नाही. म्हटलं, आजारी माणूस घरी येईल, लक्ष्मी तरी उजळ असावी.” पदराखाली होती ती रांगोळीची वाटी. मग आधी का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर उत्तर आलं, “सून म्हणाली, एक शब्द बोललात तर आमचे कागद अडतील.”

मी आजींना घेऊन तक्रारदारांकडे गेले. गृहस्थ रागाने त्या नाण्यांकडे धड बघायलाही तयार नव्हते. मी भिंग हातात दिलं. एका डॉलरवर गरुडाच्या चोचीपाशी बारीक खोच होती, ती त्यांना पाठ होती. ती सापडली. नाणी त्यांचीच होती. पण जमवणारे लोक नाणं कधी घासत नाहीत. शंभर वर्षांची काळसर झाक गेली की त्यांच्या लेखी ते संपलं. चोरी नव्हती, नुकसान होतं, आणि त्याची तक्रार करायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

मी हे आजींना समजावलं. कनवटीचा पूजेतला चांदीचा रुपया काढून त्यांनी त्या माणसाच्या तळव्यावर ठेवला.

गृहस्थांनी सवयीने भिंग लावलं. साल एकोणीसशे एकोणीस. बराच वेळ ते तो रुपया फिरवत राहिले. मग सांगू लागले : पहिल्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेने कोट्यवधी डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना विकली, हिंदुस्थानात रुपये पाडायला. हा त्याच चांदीचा असू शकेल.

मी भाषांतर केलं. आजी म्हणाल्या, “म्हणजे हा यांच्या डॉलरांच्याच घरचा की. सासरी नांदून आला.”

हे इंग्रजीत सांगताना माझी जरा धांदल उडाली, पण त्यांना कळलं. ते हसले. रुपया परत देऊन त्यांनी तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. पुढे कशालाही रांगोळी लावायची नाही, एवढं आजींना बजावून सांगा म्हणाले.

संध्याकाळी मी सुनेला फोन केला. कागद खऱ्याने अडत नाहीत, खोट्या जबाबाने अडतात, हे स्पष्ट सुनावलं. ती रडली; मी फोन ठेवला.

पुढच्या सगळ्या नोकरीत ही केस मला उपयोगी पडली. काय केलंत, असं विचारलं की माणूस सावध होतो. कसं करता, असं विचारलं की तो शिकवायला लागतो.